थोड्या भांडवलाचा धंदा : झाडांची छाटणी व कुंपणें

वैशाखाच्या अखेरीस पुण्यामुंबईच्या कोणत्याही जुन्या वस्तींतून जाणाऱ्या मनुष्यास एक देखावा हटकून दिसतो. गुलमोहराच्या किंवा पर्जन्यवृक्षाच्या उंच फांदीवर एक इसम कोयता घेऊन बसलेला असतो, खालीं दोघे दोर धरून उभे असतात, आणि घरमालक ओट्यावरून ‘ती डावीकडचीही घ्या’ असें सांगत असतात. पावसाळ्यापूर्वीं जड झालेल्या फांद्या उतरवून घेणें हें शहाणपणाचें काम आहे. पण तें करणारा मनुष्य किती पैशांत करतो, त्या पैशांत त्याचा दोर नवा येतो कीं नाहीं, आणि तो पडला तर त्याच्या घरच्यांचें काय, याचा विचार ओट्यावर क्वचितच होतो. झाडें छाटणें, धोक्याचीं झाडें उतरविणें व जागेला कुंपण घालणें, एवढ्यावर चालणाऱ्या लहान धंद्याचें अर्थशास्त्र थोडें समजून घेतलें, तर तो धंदा करणाराचा फायदा आहे आणि काम करवून घेणाराचाही आहे.

धंदा लहान असला तरी हलका नाहीं. सुशिक्षित घरांतील मुलगा दुकान काढतों म्हणाला तर वडील विचार करतात. झाडें तोडण्याचा धंदा काढतों म्हणाला तर घरांत सुतक पडतें. वस्तुतः ज्याला मोजमाप येतें, सरकारी कागद वाचतां येतो व चार माणसांना गोडीनें कामाला लावतां येतें, अशा मनुष्याचीच या धंद्यांत उणीव आहे. चढणारे हात आहेत. कोकणांत व गोव्यांत नारळ पाडणारे पाडेली पिढ्यान्‌पिढ्या हेंच करीत आले. नारळ विकास मंडळानें २०११ सालीं केरळांत नारळावर चढण्याचें यंत्रासह शिक्षण देणारे वर्ग सुरू केले. तेव्हां हें कसब शिकवितां येतें हेंही सिद्ध झालें. परंतु त्या हातांच्या मागें हिशेब मांडणारें डोकें फारसें आढळत नाहीं.

छाटणी आणि कुंपण हीं कामें एकाच मनुष्यानें कां करावीं, याचें उत्तर पंचांगांत सांपडतें. चैत्र-वैशाखांत छाटणीची एकच घाई उडते. मृग लागला कीं वादळानें पडलेल्या झाडांचीं बोलावणीं येतात, आणि त्याच सुमारास जिवंत कुंपणाची लावण करावयाची असते. श्रावण-भाद्रपदांत मेंदी व कोयनेल यांचीं कुंपणें वेडीवांकडीं वाढतात, तीं कातरावीं लागतात. दिवाळीनंतर जमिनींत ओल टिकून असते तेव्हां खांबांचे खड्डे सुखानें निघतात. तेच खड्डे चैत्रांत काढूं गेल्यास मुरूम पहारेला दाद देत नाहीं व एका दिवसाच्या कामाला दोन दिवसांची मजुरी जाते. केवळ छाटणी करणारा मनुष्य वर्षांतून चार महिने राबतो व आठ महिने उधारीवर काढतो. दोन्ही कामें धरलीं म्हणजे त्याच पहारी, तेच दोर, तींच माणसें बारा महिने कामांत राहतात. आणि चांगलीं माणसें टिकतात तीं बारा महिने काम देणाराजवळच.

या धंद्यांत नुकसान होतें तें बहुधा काम सुरू होण्यापूर्वींच, दर सांगतांना. ग्राहक दूरध्वनीवर विचारतो, ‘एक झाड काढावयाचें आहे, काय घ्याल?’ आणि नवखा मनुष्य आंकडा सांगून मोकळा होतो. जागा न पाहतां आंकडा सांगणें हा धंदा बुडविण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. एक फूट व्यासाचा व पांच फूट लांबीचा ओला ओंडका घ्या. त्याचें घनफळ सुमारें चार घनफूट. ओल्या लाकडाचें वजन जातीप्रमाणें कमीअधिक असलें तरी पाण्याच्या वजनाच्या जवळपास धरावें. एक घनफूट पाणी भरतें सुमारें २८ किलो. म्हणजे हा ओंडका १०० किलोंच्या थोडा वरच गेला. आतां व्यास दोन फूट धरा, लांबी तीच. वजन दुप्पट होत नाहीं, चौपट होतें. ४०० किलोंहून अधिक. जाडी दुप्पट म्हणून पैसेही दुप्पट सांगणारा मनुष्य निम्मी मजुरी पदरची घालतो. आणि पहिल्या झाडाला पुरलेल्या दोरावर दुसऱ्या झाडाचा ओंडका टांगतो, हा त्याहून मोठा धोका.

कुंपणाचें गणितही असेंच फसवें आहे. ‘एक एकराला काय पडेल?’ असा प्रश्न नेहमीं येतो. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. जागा चौरस असली तर तिची एक बाजू सुमारें २०९ फूट व घेर सुमारें ८३५ फूट. तीच एक एकर जागा १०० फूट रुंदीची लांबट पट्टी असली तर लांबी ४३५ फुटांवर जाते व घेर होतो १,०७१ फूट. दर दहा फुटांवर खांब धरल्यास पहिल्या जागेला ८४ खांब, दुसरीला १०७; तारेचे पांच पदर धरल्यास पहिलीला ४,१७५ फूट तार, दुसरीला ५,३५५ फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र एकच, आणि खर्चांत २३ खांबांचा व सुमारें बाराशें फूट तारेचा फरक! म्हणून कुंपणाचा दर धांवत्या फुटावर सांगावा, एकरावर कधींही सांगूं नये.

जागेवर गेल्यावर आधीं वर पाहावें. विजेच्या तारा किती जवळून गेल्या आहेत, शेजाऱ्याचीं कौलें किंवा पत्रे फांदीखालीं येतात काय, बुंध्यांत पोकळी आहे काय, आणि पानांआड आग्या मोहोळ लटकलें आहे काय, हें पाहिल्याशिवाय बोलूं नये. मोहोळ अर्धें चढून गेल्यावर दिसलें तर मनुष्यानें उतरावें कसें? मग खालीं पाहावें. टेंपो फाटकापर्यंत येतो कीं दोनशें पावलें फांद्या वाहाव्या लागणार? उतरलेल्या फांद्यांची व्यवस्था कोणाची, हा प्रश्न तर कागदावरच यावा. वरून एक फांदी दिसते ती जमिनीवर आल्यावर अर्धें आंगण व्यापते. पाल्यानें टेंपो भरतो पण त्याला कोणी पैसे देत नाहीं. जाड लाकूड वखारवाला घेईल. पण त्या जातीच्या लाकडास वनखात्याचा वाहतूक-परवाना लागतो कीं काय, हें चौकशी करून ठेवावें. दर मांडतांना मजुरी, साहित्य, वाहतूक, हत्यारांची झीज, पावसानें वायां जाणारा एखादा दिवस, हें सारें धरावें. आणि मालकानें स्वतःची मजुरीही धरावी. बहुतेक नवखे ही शेवटली बाब विसरतात व वर्षअखेर ‘धंदा चालतो पण हातांत कांहीं राहत नाहीं’ असें म्हणतात.

आतां हत्यारें. आरंभाला थोडकींच पुरतात : दोन कोयते, एक कुऱ्हाड, छाटणीच्या दोन करवती, पहारी, कुदळ, फावडें, घमेलीं, ओळंबा, लाइनदोरी, मोजपट्टी, पक्कड, बांबूची मजबूत शिडी, आणि दोर. यांत्रिक करवत पाहिली कीं तरुणांस मोह पडतो व पहिलें कर्ज तिच्यासाठींच निघतें. ती पहिल्या वर्षीं भाड्यानें आणावी. एका हंगामाचें भाडें तिच्या किंमतीच्या निम्म्यापर्यंत पोंचलें, तर विकत घेण्याजोगें काम आहे असें समजावें. घेतल्यावर मात्र तिची निगा राखावी. या करवतींना पेट्रोलांत तेल मिसळून द्यावें लागतें. ज्या यंत्रास पन्नासास एक हें प्रमाण सांगितलें असेल त्यास लिटराला २० मिलिलिटर तेल पडतें. तें अंदाजानें ओतणारा मनुष्य शंभराचें तेल वांचवून हजारांचें इंजिन जाळतो. सांखळीला धार आहे कीं नाहीं हें भुशावरून कळतें. ढलप्या निघाल्या तर धार ठीक. पीठ निघूं लागलें कीं थांबून गोल कानस लावावी. बोथट करवतीनें दाबून कापतांना करवत उसळते, आणि ती उसळते कापणाराच्या तोंडाकडे.

ज्या वस्तूंत काटकसर चालत नाहीं अशी वस्तु या धंद्यांत एकच : मनुष्य ज्यावर टांगलेला असतो तो दोर, आणि त्याचा कमरपट्टा. कोयता जुना चालेल, टेंपो भाड्याचा चालेल, शिडी घरीं बांधलेली चालेल. दोर मात्र नवा, नामांकित कारखान्याचा व पुरेशा जाडीचा पाहिजे. काथ्याचा दोर ओझें बांधावयास ठीक. त्यावर मनुष्य टांगूं नये. गांठ मारली कीं कोणत्याही दोराची ताकद पुष्कळ कमी होते. उन्हानें नायलॉन विटतो व आंतून निकामी होत जातो. फांदीवर घांसल्यानें तंतू तुटतात. म्हणून मनुष्याचा दोर व ओंडके उतरविण्याचा दोर वेगळे ठेवावे, त्यांना वेगवेगळे रंग लावावे, आणि ओंडक्याचा दोर अडीअडचणीलाही मनुष्यास बांधूं नये. ओंडक्याचा झटका खाल्लेला दोर बाहेरून धडधाकट दिसतो, हीच त्याची लबाडी. मनुष्याच्या दोरावर थोडीही शंका आली तर त्याचे तुकडे करून फांद्या बांधावयास वापरावे. तुकडे करावे यासाठीं, कीं अख्खा ठेवला तर एखाद्या घाईच्या दिवशीं कोणीतरी तो उचलतोच.

शिरस्त्राण, डोळ्यांचा चष्मा व बूट यांचीही तीच गोष्ट. खालीं दोर धरणाराच्या डोक्यावर टोपीऐवजीं शिरस्त्राण असावें, कारण फांदी पडते ती त्याच्याच बाजूला. विम्याविषयीं लोक खर्चाची सबब सांगतात. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजना २०१५ सालीं सुरू झाली. १८ ते ७० वर्षें वयाच्या व बँकेंत खातें असलेल्या मनुष्यास २०२२ पासून वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल दोन लाखांचें संरक्षण तींत मिळतें. ही रक्कम पुरेशी मुळींच नाहीं आणि मालकानें तिच्यावर भागवूं नये. पण चार माणसांचे मिळून ८० रुपयेही न भरणारा मालक कोणत्या काटकसरीची गोष्ट बोलतो? कामावर जखमी झालेल्या मजुराची जबाबदारी तर १९२३ सालच्या नुकसानभरपाईच्या कायद्यापासून मालकावर चालत आली आहे.

कागदपत्रांचें थोडक्यांत. उद्यम नोंदणी २०२० पासून विनामूल्य होते. मुद्रा योजनेच्या शिशु गटांत ५० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे. याहून महत्त्वाचा कायदा झाडांचा. शहरांतून महाराष्ट्र (नागरी क्षेत्रें) झाडांचें संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा लागू आहे. वृक्षाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून झाड तोडतां येत नाहीं, आणि ‘तोडणें’ या शब्दांत जाळणें व कोणत्याही रीतीनें इजा करणें हेंही येतें. २०२१ च्या दुरुस्तीनें ५० वर्षें व त्याहून अधिक वयाचीं झाडें प्राचीन वृक्ष ठरलीं. शहराबाहेर १९६४ चा वृक्षतोड विनियमनाचा कायदा आहे व त्याच्या अनुसूचींत साग, आंबा, फणस, चिंच, जांभूळ, खैर, चंदन हीं नेहमींचीं झाडें आहेत. घरमालक म्हणतात, ‘रविवारीं सकाळीं लवकर या, कोण पाहतो?’ पाहणारा शेजारीच असतो, आणि पंचनाम्याच्या वेळीं हातांत करवत असलेला मनुष्य मालकाच्या आधीं सांपडतो. परवानगीचा कागद आल्याशिवाय दोर बांधावयाचा नाहीं, असा नियम धंद्याच्या पहिल्या दिवसापासून ठेवावा. दोनचार कामें हातचीं जातील, जाऊं द्यावीं.

छाटणी म्हणजे झाड बोडकें करणें नव्हे, हें ग्राहकास समजावून सांगणें हाही या धंद्याचाच भाग आहे. शेंडा सरसकट उडविला कीं त्याजागीं झाडूसारखे फुटवे येतात. ते वरवर चिकटलेले असतात व तीनचार वर्षांत वाऱ्यानें मोडतात. जड फांदी तीन कापांत उतरवावी : खोडापासून हातभर अंतरावर पहिला काप खालून, त्याच्या थोडा पुढें दुसरा वरून, म्हणजे फांदी साल न सोलतां पडते, मग राहिलेला खुंट तिसऱ्या कापानें काढावा. हा तिसरा काप खोडाला अगदीं चाटून घेऊं नये. फांदीच्या मुळाशीं जो फुगीर कांठ असतो तो राखावा, कारण जखम बुजण्यास आरंभ तेथूनच होतो. अमेरिकेच्या वनखात्यांतील संशोधक अलेक्स शायगो यांनीं हजारों ओंडके उभे चिरून ही गोष्ट दाखविली, व जखमेवर रंग किंवा डांबर फासण्याचा उपयोग होत नाहीं हेंही दाखविलें. तेव्हां डांबराचा डबा अंदाजपत्रकांतून वगळण्यास हरकत नाहीं. विजेच्या तारेजवळची फांदी मात्र वीजपुरवठा बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय हातांत घेऊं नये; ओली फांदी व ओला दोर दोन्ही वीज वाहतात.

कुंपणाच्या कामांत सारें लक्ष कोपऱ्यांकडे असावें. तारेचा ताण मधले खांब सोसत नाहींत. तो कोपऱ्यावरच्या खांबांवर येतो. म्हणून तेथील खड्डे खोल, खांब जाड व त्यांना तिरकस टेके पाहिजेत. मधल्या सात फुटी खांबाला दोन फूट जमिनींत पुरलें म्हणजे चालतें. कांटेरी तारेचें पेटंट जोसेफ ग्लिडन या अमेरिकन शेतकऱ्यानें १८७४ सालीं घेतलें, पण ती विकतांना वजनाची गंमत अजून चालते. तार मिळते किलोनें व घातली जाते फुटानें. बारा गेजची तार जाड, चौदाची बारीक. आंकडा मोठा म्हणून माल भारी असें समजणारा फसतो. खरेदीपूर्वीं एक मीटर तुकडा तोलून पाहिला कीं किलोला किती मीटर पडणार हें समजतें.

ज्याचा हात आंखडता आहे अशा ग्राहकास जिवंत कुंपण सुचवावें. सागरगोटा, चिलार, करवंद, घायपात हीं जनावरांना अडवितात. गिरिपुष्पाच्या काठ्या पावसाच्या आरंभीं खोंचल्या कीं फुटतात, आणि दोन सिमेंटच्या खांबांमध्यें त्या लावल्या तर खांब दूर दूर ठेवूनही तार लोंबत नाहीं. शेराचेंही कुंपण होतें, पण त्याचा चीक डोळ्यांस अपायकारक असल्यामुळें जेथें लहान मुलें आहेत तेथें तो लावूं नये. कोकणांत जांभ्याचा गडगा, कांट्याकुट्यांची वई आणि आगराचें बेडें यांची जुनी कला आहे. ती जाणणारा वृद्ध गडी भेटला तर त्याला शिकविण्याचे पैसे देऊन माणसें तयार करून घ्यावीं.

दोन कामें नाकारावीं. रानडुकरांच्या त्रासानें कोणी ग्राहक तारेंत घरची वीज सोडून द्या म्हणतो. असें कुंपण डुकराला व शेजारच्या मुलाला वेगळें ओळखत नाहीं. त्या कामाला हात लावूं नये, क्षणभराचा झटका देणारें सौर कुंपण त्या कामाच्या जाणकाराकडून घेण्यास सांगावें. दुसरें, हद्दीचा वाद असलेली जागा. खुंट कोठें रोवावयाचा हें ठरविणें कुंपणवाल्याचें काम नाहीं. भूमि अभिलेख खात्याची मोजणी झालेली असावी, आणि लाइनदोरी बांधल्यावर मालकानें ती पाहून सही करावी. शेजाऱ्याचीही मिळाली तर उत्तम. खांब उपटण्याची मजुरी कोणताही ग्राहक आनंदानें देत नाहीं.

पैशाच्या वसुलीची शिस्त अशी ठेवावी, कीं साहित्याचे पैसे आधीं हातांत यावे, निम्मी मजुरी अर्ध्या कामावर आणि उरलेली जागा झाडून दिल्यावर त्याच दिवशीं. ग्राहक कितीही ओळखीचा असो, मजुरांचा पगार त्याच्या सवडीवर लोंबकळत ठेवूं नये. प्रत्येक कामाला वहींत एक पान द्यावें व अंदाजानें धरलेले दिवस आणि प्रत्यक्ष लागलेले दिवस शेजारीशेजारी लिहावे. वर्षभरांत या वहीवरून दर सांगण्याचा हात आपोआप बसतो. कोणतें काम पोट भरतें आणि कोणतें नुसतें दमवितें, हें तींतच दिसूं लागतें.

भाद्रपदांत एखादा आठवडा कांहींच काम नसतें. त्या दिवसांत खांब ओतावे. चार इंच चौरस व सात फूट लांबीचा खांब सुमारें ५० किलो भरतो. आंत चार सळया व कड्या घालून, एकास दोन व चार या प्रमाणांत कालवलें तर सिमेंटच्या एका पोत्यांत सहासात खांब निघतात. २८ दिवस त्यांवर पाणी मारावयाचें असतें, आणि भाद्रपदांत तें काम बहुतेक पाऊसच करतो. दिवाळीनंतर पहिलें कुंपण मिळतें तेव्हां बाजारचा खांब आणावा लागत नाहीं. अंगणांतले साठसत्तर खांब टेंपोंत चढविले कीं झालें.